कॅक्टसला त्याचं स्वतःचं फूल येऊ द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाल्कनीतल्या बागेवर लेख आला होता. कुंडीचं भोक, ऊन, खत याबद्दलचा मजकूर उपयोगाचा होता. माझं म्हणणं त्यासोबत छापलेल्या फोटोबद्दल आहे. फोटोत मुठीएवढ्या गोल कॅक्टसच्या माथ्यावर केशरी फूल आहे आणि खाली 'बहरलेला कॅक्टस' असं लिहिलं आहे. ते फूल त्या झाडाला आलेलं नाही. ते वाळवलेलं कागदी फूल आहे आणि ग्लू गनने काट्यांवर चिकटवलेलं आहे.

मुंबईत हा प्रकार आता सर्रास चालतो. स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर, मैदानातल्या प्रदर्शनांत, चकचकीत दुकानांत, सगळीकडे अशा कुंड्या दिसतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणूनही त्या लुटल्या जातात. यंदा माझ्या घरीही एक आली. देणारीने प्रेमाने दिली, घेणाऱ्या बायकांनी कौतुकाने घेतली, आणि "अगं, फूल महिनाभर टिकलंय!" असे मेसेजही आमच्या ग्रुपवर आले. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

हे कागदी फूल मूळचं ऑस्ट्रेलियातलं, शेवंतीच्या कुळातलं. त्याच्या पाकळ्या झाडावर असतानाच कोरड्या असतात, त्यामुळे खुडल्यावरही रंग आणि आकार टिकतो. हवा दमट झाली की त्या मिटतात, कोरडी झाली की उघडतात. मुंबईच्या हवेत हा खेळ रोज चालतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, फूल जिवंत आहे. ओळखायचं कसं? बोटाने हलकेच हात लावा. कागदासारखी खरखर झाली तर ते चिकटवलेलं. कॅक्टसचं खरं फूल रेशमासारखं मऊ आणि ओलसर असतं, काट्यांच्या झुबक्याजवळून कळी होऊन वर येतं आणि बहुतेक जातींत एक दिवस ते फार तर आठवडाभर राहतं. महिनोन् महिने टिकणारं फूल कॅक्टसला येत नाही.

यात बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. गोल कॅक्टस माथ्याच्या मध्यावरून वाढतो. नवे काटे तिथे फुटतात आणि बऱ्याच जातींच्या कळ्याही माथ्याच्या आसपासच येतात. नेमका तिथेच गरम डिंकाचा गोळा ओतला की वाढ खुंटते, झाड वेडंवाकडं होतं, कधी आतून कुजतं. निळ्या-गुलाबी रंगात बुडवलेल्या कॅक्टसची गत आणखी वाईट, कारण हिरव्या खोडातच त्याचा स्वयंपाक चालतो आणि रंगाच्या थराखाली त्याला ना पुरेसा उजेड मिळतो ना हवा. मातीवर चिकटवून पक्के केलेले पांढरे गोटेही काढून टाकावेत. त्यांच्याखाली ओल किती आहे ते कळतच नाही.

लाल-पिवळ्या गोळ्याची कुंडी मात्र यापेक्षा वेगळी. तिथे फसवणूक नाही, कलम आहे. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो एकटा जगूच शकत नाही. खालची हिरवी, तीन धारांची दांडी त्याला पोसते, आणि ही दांडी बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या वेलाची असते. असं कलम काही वर्षंच टिकतं. विकणाऱ्याने एवढं सांगितलं तर झाड मेल्यावर लोक स्वतःला दोष देत बसणार नाहीत.

मी परळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर लेकीकडे, अमेरिकेतल्या टूसॉनला, वसंतापासून तिथल्या पावसाळ्यापर्यंत राहणं झालं. अॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि मेक्सिको यांत पसरलेल्या सोनोरन वाळवंटातलं हे गाव. फुलं चिकटवून कॅक्टस विकावा लागतो, याच्या मुळाशी 'वाळवंटात फुलं कुठली?' हा आपला पक्का समज आहे. तिथे जे पाहिलं ते वाचकांना सांगितलं तर हा समज ढिला होईल, असं मला मनापासून वाटतं.

टूसॉनला वर्षाला साधारण 11 इंच, म्हणजे 300 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी आपल्या सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे त्यांचा तीन वर्षांचा पाऊस. पण तिथे पावसाचे हंगाम दोन. हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारी शांत रिमझिम, आणि जुलैपासून गडगडाटी वळीव. त्यालाही ते लोक मॉन्सूनच म्हणतात. दोन हंगाम म्हणून बहरही दोन.

हिवाळी पाऊस वेळेवर आणि पुरेसा झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकाचो पीक नावाच्या डोंगराचे उतार सोनेरी अफूच्या फुलांनी भरून जातात. या अफूत नशेचं काही नाही, ती फक्त त्या कुळातली. तिच्यासोबत ल्युपिनची निळी-जांभळी कणसं. ढग आले की अफूची फुलं मिटतात, म्हणून बघायला जायचं ते उन्हात. या हंगामी रोपांच्या बिया मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांच्या सालीत रुजणं रोखणारी द्रव्यं असतात, आणि ती धुऊन जाण्याइतका चांगला पाऊस झाला तरच बी उगवतं. चार थेंबांना ते फसत नाही.

त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या खडकांवर ब्रिटलबुशची रुपेरी पानांची झुडपं पिवळ्या फुलांनी झाकून जातात. तिचा डिंक जुन्या स्पॅनिश चर्चमध्ये धुपासारखा जाळत. ग्लोब मॅलो नावाचं केशरी फूल पाहिल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. पाकळ्या पाच, मधोमध पुंकेसरांची नळी, म्हणजे हे तर आपल्या जास्वंदीचं आणि भेंडीचं कूळ! फेअरी डस्टर नावाच्या गुडघाभर झुडपाला शिरीषासारखे गुलाबी झुबके येतात, तेही शिरीषाचंच भावंड.

एप्रिल पालो वेर्दे नावाच्या झाडाचा. याची सालच हिरवी असते. पानं इवलीशी, टंचाईत तीही गाळून टाकायची आणि सालीवर गुजराण करायची. फुलल्यावर आपल्याकडे सोनमोहराखाली पडतो तसा पिवळा सडा टूसॉनच्या फुटपाथांवर पडतो, आणि खरंच ही दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत. ओकोतियो म्हणजे जमिनीतून निघालेल्या काटेरी छड्यांचा जुडगा. एरवी वाळकी लाकडं वाटतात. पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत पानं फुटतात, ओल संपली की गळतात, आणि असं वर्षातून अनेकदा होतं. वसंतात मात्र पानं असोत-नसोत, प्रत्येक छडीच्या टोकाला लालभडक तुरा येतो आणि हमिंगबर्ड तिथे गुंतून राहतात.

कॅक्टसही याच सुमारास सुरू होतात. फड्या निवडुंगाच्या तिथल्या भाऊबंदांना पिवळीधमक फुलं येतात. त्यांच्या पुंकेसरांना काडी लावली की ते हळूहळू आत वळतात, मधमाशीवर परागकण नीट लागावेत म्हणून. हेजहॉग कॅक्टसची फुलं राणी रंगाची, झाडापेक्षा मोठी वाटावीत अशी. चोया नावाच्या कॅक्टसपासून मात्र सांभाळून राहावं लागतं. त्याचे तुकडे जरा धक्का लागला की कपड्याला चिकटतात, काट्यांना उलटे दाते असतात, म्हणून तिथे फिरायला जाणारी माणसं खिशात कंगवा ठेवतात. कंगव्याने तुकडा उडवायचा, हाताने ओढायचा नाही. याच चोयाच्या कळ्या तोहोनो ओओधाम, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, भाजून खातात.

आणि मग सवारो. चित्रांत दिसतो तो हात वर केलेला उंच कॅक्टस. पहिल्या आठ वर्षांत हा इंच-दीड इंच वाढतो. बी रुजतं ते बहुतेकदा पालो वेर्देसारख्या झाडाच्या सावलीत. पहिलं फूल यायला साधारण 35 वर्षं लागतात, पहिली फांदी फुटायला 50 ते 75, आणि आयुष्य दीडशे-दोनशे वर्षांचं. मे-जूनमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, याच्या माथ्यावर पांढऱ्या, जाड पाकळ्यांच्या फुलांचा मुकुट येतो. फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतं. तेवढ्या वेळात रात्री वटवाघळं आणि दिवसा मधमाश्या, पांढऱ्या पंखांचे पारवे येऊन जातात. जूनअखेर फळं पिकतात, ऐन पावसाच्या तोंडावर. तोहोनो ओओधाम कुटुंबं मेलेल्या सवारोच्याच लांब फासळ्यांची काठी करून ती पाडतात, रस आटवतात, त्याचं मद्य करून पावसाला बोलावतात. त्यांचं नवं वर्ष याच वेळी सुरू होतं. अशा झाडाबद्दल कोणी 'काटेरी शोपीस' म्हटलं की मला वाईट वाटतं.

पावसाळ्यातल्या दुसऱ्या बहराबद्दल थोडक्यात सांगते. पहिली सर आली की क्रिओसोट झुडपाच्या चिकट पानांचा वास सगळ्या गावभर पसरतो, तिथल्या माणसांसाठी पावसाचा वास तोच. पाठोपाठ मॅमिलेरिया नावाच्या छोट्या कॅक्टसना गुलाबी फुलांची वर्तुळं येतात आणि पिंपासारख्या बॅरल कॅक्टसला केशरी फुलं.

हे सगळं दूरदेशीचं आहे असं समजू नये. मुंबईतल्या मराठी घरांत पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ज्या ब्रह्मकमळाची आरती होते, ते झाड कॅक्टसच आहे, फक्त वाळवंटातलं नाही, मध्य अमेरिकेच्या जंगलातलं. त्याच्या पानासारख्या दिसणाऱ्या चपट्या खोडातून कळी निघते. 'काटेरी झाड घरात नको' म्हणणाऱ्या आज्जींनीसुद्धा ते लावलेलं असतं. सोलापूर-सांगलीकडून येणारं ड्रॅगन फ्रूट हे कॅक्टसचं फळ. उलट आपल्या डोंगरांवरचा, चीक निघणारा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नाही, तो युफोर्बिया, वेगळ्याच कुळातला. अख्ख्या थरच्या वाळवंटातही मूळचा एकही कॅक्टस नाही, तरी फुलं आहेत. रोहिड्याला पिवळी-केशरी-लाल फुलं येतात, ते राजस्थानचं राज्यपुष्प. आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी.

एक गोष्ट मात्र मला तिथे फार लागली. सोनोरन वाळवंटात झाडं एकमेकांपासून अंतर राखून वाढतात, म्हणून तिथे वणवा पसरत नसे. 1930च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी तिकडे एक गवत नेलं गेलं. ते झाडांमधल्या मोकळ्या जागांत दाट माजलं, उन्हाळ्यात वाळलं आणि आगीला रस्ता मिळाला. सवारो आगीतून सहसा वाचत नाही. हे गवत म्हणजे आपलं अंजन गवत. आपल्या माळरानावर गुरं आवडीने खातात ते, इथलं गुणी गवत. तिथे सवारो राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवक पहारी घेऊन ते मुळासकट उपटत असतात. वनस्पतीचा गुण-दोष तिच्या जागेवर ठरतो, आणि ती जागा न बघता झाड इकडचं तिकडे केलं की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणूनच सवारोचं रोप मुंबईत मागवू नये. कॅक्टस पानांऐवजी खोडातून श्वास घेतो, तोही रात्री, गारवा असताना, म्हणजे पाणी वाचतं. रात्र तापलेलीच राहिली तर त्याला ते जमत नाही. 2023च्या उन्हाळ्यात अॅरिझोनातल्याच फिनिक्स शहरात सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला, रात्रीही निवेनात, आणि पिढ्यान् पिढ्या उभे असलेले सवारो फांद्या टाकून कोसळले. जे झाड तिथे टिकेना, ते आपल्या ऑगस्टमधल्या दमट रात्रींत काय तग धरणार? शिवाय चोरीचा प्रश्न आहे. सवारो राष्ट्रीय उद्यानाने झाडांत मायक्रोचिप बसवल्या आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार कॅक्टसच्या 31 टक्के जाती धोक्यात आहेत, आणि त्याच्या कारणांत जंगलातून झाडं उपटून विकणं हे एक मोठं कारण आहे. जवळजवळ सगळं कॅक्टस कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधाखाली येतं. ऑनलाइन 'दुर्मीळ' म्हणून मिळणारं झाड घेण्याआधी ते बियांपासून वाढवलंय का, हे विचारायलाच हवं. भारतात चांगली रोपं तयार होतात, कालिम्पाँगच्या नर्सऱ्या त्यासाठी नावाजलेल्या आहेत.

मुंबईत खरी फुलं येतात का? येतात. माझ्या मुलुंडच्या घराच्या पश्चिमेला तोंड असलेल्या बाल्कनीत मॅमिलेरियाला दरवर्षी हिवाळा सरताना गुलाबी फुलांचं कडं येतं. जिम्नोकॅलिशियम या दुसऱ्या कॅक्टसला दमटपणा बऱ्यापैकी मानवतो, त्याची फिकट गुलाबी फुलं आकाराने मोठी असतात. कॅक्टसच हवा असं नसेल तर अॅडेनियम आहेच, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं, कण्हेरीच्या कुळातलं. मुंबईच्या उन्हात ते भरभरून फुलतं.

मर्म आहे ते विश्रांतीत. डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा कोरडी आणि थोडी थंड असते, तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवायचं. लोक नेमके उलट करतात, सुकल्यासारखा दिसतो म्हणून रोज पेलाभर पाणी घालतात. फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की भरपूर पाणी द्यायचं आणि माती पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. दिवसाला चार-पाच तास थेट ऊन हवं, टेबलावरच्या संगणकाशेजारी कॅक्टस फुलत नाही. मातीत निम्म्याहून जास्त जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे घालावेत. चौपाटीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं.

ज्यांच्या घरी चिकटवलेल्या फुलाची कुंडी आहे त्यांनी फूल ओढून काढू नये, सालही निघून येते. डिंक बहुधा काट्यांवर बसलेला असतो. छोट्या कात्रीने त्याखालचे काटे कापले की गोळा सुटतो. कापलेले काटे पुन्हा येत नाहीत, पण झाडाचा माथा मोकळा होतो आणि वाढ पुन्हा सुरू होऊ शकते.

आमच्या स्टेशनबाहेर झाडं विकणाऱ्या एका तरुणाशी मी याबद्दल बोलले. तो म्हणाला, "काकू, फूल नसलं तर कोणी हात लावत नाही. माल असाच येतो, मी कुठे चिकटवतो?" त्याचं खरं आहे. त्याच्या पोटावर पाय यावा असं मला मुळीच वाटत नाही. घाऊक माल पुरवणाऱ्यांनी हे थांबवायला हवं, आणि आपण गिऱ्हाइकांनी 'फूल कधी येतं?' असं विचारायला सुरुवात केली तर तेही थांबवतील. फेब्रुवारीत खऱ्या कळ्या धरलेलं रोप त्याच किमतीला विकता येतं.

महानगरपालिकेचं राणीच्या बागेतलं वार्षिक पुष्पप्रदर्शन साधारण फेब्रुवारीच्याच सुमारास भरतं. तिथे कळ्याफुलांवर आलेल्या कॅक्टसचा एक कोपरा असावा, प्रत्येक कुंडीवर झाडाचं मूळ गाव आणि फुलण्याचा महिना मराठीत लिहिलेला असावा, आणि आसपासच्या विक्रीच्या गाळ्यांवर रंगवलेली-चिकटवलेली झाडं ठेवू देऊ नयेत, अशी माझी उद्यान खात्याला विनंती आहे. शाळांच्या सहली तिथे येतात, मुलांना खरं फूल पाहायला मिळू दे.

आपल्याकडेही मागणं आहे. बागेच्या सदरात कुठल्याही झाडाची माहिती देताना ते मूळचं कुठलं आणि तिथे पाऊस कधी पडतो, या दोन ओळी जरूर छापाव्यात. पाणी किती आणि कधी द्यायचं, हे वाचकाला त्यातूनच कळतं.

मृगाला आता थोडेच दिवस आहेत. कॅक्टसच्या कुंड्या पहिल्या सरीआधी वळचणीखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर हलवायला हव्यात, आणि सप्टेंबर सरेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यायला हवं. मुंबईत बहुतेक कॅक्टस याच चार महिन्यांत कुजून जातात. बाकी पत्राला जागा नसेल तर निदान एवढा मजकूर पावसाआधीच्या अंकात घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई